दादर, धने आणि डोंगळे: खानदेशात सिरफिड माशीचं वर्ष कसं जातं

प्रश्न चोपडा तालुक्यातल्या एका शेतकरी भावाचा आहे. त्यांच्याकडे दादर (खानदेशातली रब्बी ज्वारी), थोडा गहू आणि बियाण्यासाठी लावलेला कांदा आहे; त्या कांद्याच्या फुलांच्या गोंड्यांना डोंगळे म्हणतात. दिवाळीनंतर बांधावर आणि धन्याच्या फुलांवर पिवळ्या-काळ्या पट्ट्यांच्या बारीक माश्या हवेत एका जागी थांबलेल्या दिसतात. होळीनंतर त्या कमी होतात आणि आखाजीपर्यंत (अक्षय्य तृतीयेपर्यंत) दिसेनाशा होतात. त्या फुलातलं नेमकं काय खातात, बियाण्याचं नुकसान करतात का, मावा (पिकाचा रस शोषणारी बारीक कीड) कमी करायला त्यांचा उपयोग होतो म्हणतात ते खरं का, खरं असेल तर त्या टिकवायच्या कशा, आणि त्यांच्या अळ्या दुसऱ्या शेतातून आणून सोडाव्यात का, असं त्यांनी विचारलंय.

भाऊ, नुकसान काही नाही. फवारू नका. कृषी विद्यापीठाच्या पत्रकांत जिला सिरफिड माशी म्हणतात तीच ही. मोठी माशी पराग आणि मध खाते, तिची अळी मावा खाते. मावा आपल्याकडे कुठल्या ना कुठल्या पिकावर सापडतोच. तुटवडा पडतो तो परागाचा, आणि तोही ठरावीक आठवड्यांत. माझं सगळं उत्तर याच एका गोष्टीभोवती फिरणार आहे.

आधी ओळख पक्की करून घ्या, कारण घोळ इथेच होतो. गिलके, कारली, काकडी लावणारे बरेच जण पिवळी-काळी माशी दिसली की फळमाशी समजून पंप खांद्यावर घेतात. फळमाशी हवेत एका जागी थांबत नाही. ती फळावर चालते, चालताना पंख हलवते, पंखांवर काळपट डाग असतात आणि मादीच्या पोटाच्या टोकाला अणकुचीदार भाग असतो, तो ती फळात खुपसते. सिरफिडचे पंख काचेसारखे स्वच्छ. ती फुलासमोर तरंगते, चटकन बाजूला सरकते, पुन्हा तिथेच येते. दुसरा घोळ मधमाशीशी होतो. मधमाशीला पंखांच्या दोन जोड्या असतात, हिला एकच. दुसऱ्या जोडीच्या जागी दोन बारीक गाठीदार दांड्या असतात आणि त्यांच्यावर ती उडताना तोल सांभाळते. मिशा एकदम आखूड, डोळे डोकंभर. नराचे दोन्ही डोळे माथ्यावर एकमेकांना भिडलेले असतात, मादीच्या डोळ्यांमध्ये फट दिसते. हातावर येऊन बसली तर घाबरू नका, ती घाम चाटायला आलेली असते. तिला नांगी नाही आणि ती चावतही नाही.

कपाशी, ज्वारी, चवळी यांवर आपल्याकडे जास्त भेटते ती इस्किओडॉन स्क्युटेलॅरिस. थंडीत एपिसिर्फस बाल्टिएटस दिसते. तिच्या नारिंगी पोटावर एक जाड आणि एक बारीक असे जोडीचे काळे पट्टे असतात. पॅरागस म्हणून एक आहे, जेमतेम ५ मिलिमीटरची, काळपट; लक्ष देऊन पाहिलं नाही तर ती नजरेतून सुटतेच. आणखी एक जात तुम्ही गोबरगॅसच्या खड्ड्याजवळ पाहिली असेल, जाडजूड, डोळ्यांवर ठिपके किंवा रेघा असलेली. ती एरिस्टॅलिनस. तिची अळी मावा खात नाही, स्लरीच्या किंवा सडक्या पाण्यात वाढते आणि शेपटीसारखी लांब नळी पाण्याबाहेर काढून श्वास घेते. परागीकरणाला तीही कामाची आहे, आंब्याच्या मोहोरावर तर फारच. पण माव्याचा हिशोब करताना तिला धरू नका. बांधावर माश्या खूप आहेत आणि मावा तरी हटत नाही, अशी तक्रार ऐकली की मी आधी विचारतो, माश्या कोणत्या आहेत?

आता मुख्य प्रश्न, ती फुलातलं काय खाते. सकाळी ऊन चढल्यावर धन्याच्या फुलोऱ्याजवळ बसा आणि साधं दहापट भिंग घ्या. माशी बसली की डोक्याखालून एक मऊ सोंड बाहेर काढते. सोंडेच्या टोकाला दोन पाकळ्यांची गादी असते आणि त्या गादीवर बारीक खाचा असतात. ती गादी परागकोशावर टेकवते, उचलते, पुन्हा टेकवते. पराग लाळेत भिजून त्या खाचांतून आत जातो. मग ती पुढचे पाय तोंडावरून फिरवते आणि अंगावरच्या केसांत अडकलेले कण गोळा करते. कधी कधी फुलावरून उठून हवेत तरंगत तरंगतच पाय एकमेकांवर घासते आणि ते कण तोंडात घालते. मधमाशीसारखी पायावर गोळी बांधून ती घरी काही नेत नाही, कारण तिला पोळं नाही. जे मिळेल ते जागेवरच पोटात. परागकण ती चावून फोडत नाही. कणाचं टणक कवच तसंच राहतं, आतला प्रथिनांचा ऐवज पोटातल्या रसात बाहेर येतो. तिची विष्ठा सूक्ष्मदर्शकाखाली धरली तर रिकामी कवचं दिसतात आणि त्यावरून ती कोणत्या फुलांवर जाऊन आली तेही ओळखता येतं.

मध तिला उडण्यासाठी लागतो. हवेत एका जागी थांबणं म्हणजे ट्रॅक्टर जागेवर उभा ठेवून इंजिन पूर्ण जोरात चालवणं, डिझेल जळणारच. पण नुसत्या मधावर मादी अंडी घालू शकत नाही. कोषातून बाहेर पडते तेव्हा तिच्या पोटात तयार अंडी नसतात. पराग खाल्ला की प्रथिनं मिळतात, त्यातून अंडी पिकतात. परागाशिवाय ती फिरेल, दिसेल, पण माव्याजवळ अंडी ठेवणार नाही. नरालाही पराग लागतो, मात्र मादीइतका नाही. म्हणून सकाळी, परागकोश फुटलेले असतात तेव्हा, माद्या परागावर जास्त दिसतात आणि नंतर मधाकडे वळतात. मावा सोडतो तो चिकटाही त्या चाटतात, पण त्यात साखरच जास्त; अंड्यांसाठी तो पुरत नाही.

बियाण्याची काळजी सोडा. एकेका परागकोशात हजारो कण असतात. दादर आणि गहू यांचं फलन बहुतेक आपल्याच परागावर होतं, वर ज्वारीला वाऱ्याची मदत, त्यामुळे माशीने चार कण खाल्ले तर कणसात काही रिकामं राहत नाही. कांद्याचं तर उलट आहे. डोंगळ्यातल्या एकेका फुलाचे परागकोश आधी फुटतात आणि स्त्रीकेसर नंतर तयार होतो. त्यामुळे त्याच फुलाचा पराग त्याच फुलाला उपयोगी पडत नाही, दुसऱ्या फुलावरून कुणीतरी आणावा लागतो. कांद्याच्या मधात पालाशचं (पोटॅशचं) प्रमाण जास्त असल्याने मधमाश्या त्याला नाकं मुरडतात. शेजारी दुसरं काही फुललेलं असलं की तिकडे जातात. सिरफिड माश्या डोंगळ्यावर बिनतक्रार बसतात. मधमाशीची जागा त्या पूर्ण भरून काढत नाहीत, अंगावर कण कमी बसतात, पण बीजोत्पादनाच्या वावरात त्यांना हाकलणं म्हणजे स्वतःचंच बियाणं घटवणं.

अळीबद्दल थोडक्यात. मादी माव्याच्या घोळक्यात किंवा अगदी जवळ एकेक पांढरं, लांबट, सुमारे १ मिलिमीटरचं अंडं ठेवते. दोन-तीन दिवसांत अळी निघते. तिला पाय नाहीत, डोळे नाहीत, वेगळं डोकंही दिसत नाही. पुढचा भाग निमुळता, मागचा जाड, हिरवट किंवा मळकट अंग आणि पाठीवर बहुधा पांढरी रेघ. पुढचा भाग इकडेतिकडे चाचपत फिरवते, मावा लागला की पकडून वर उचलते, शोषून घेते आणि सुरकुतलेलं साल टाकून देते. हे काम संध्याकाळनंतर जास्त चालतं, म्हणून दिवसा ती पानाच्या बगलेत आळसावलेली दिसते आणि लोक तिला पान खाणारी अळी समजून चिरडतात. पान कुरतडलेलं नसेल आणि आजूबाजूला माव्याची रिकामी सालं व काळपट चिकट डाग दिसत असतील, तर ती सिरफिडचीच. पूर्ण वाढ होईपर्यंत एक अळी दोनशे-चारशे मावा सहज संपवते. हवामान उबदार असेल तर अंड्यापासून माशीपर्यंत दोन ते तीन आठवडे लागतात, थंडीत जास्त.

आता तुमचं निरीक्षण, दिवाळी ते होळी. ते बरोबर आहे. इंटरनेटवर शोधलं तर बहुतेक माहिती युरोपातली मिळते आणि तिथे या माश्यांचा भर उन्हाळ्यात, जुलै-ऑगस्टला असतो. दक्षिण ब्रिटनवरून दर वर्षी ४०० कोटीपर्यंत सिरफिड माश्या ये-जा करतात असा अंदाज २०१९ साली प्रसिद्ध झाला आणि त्यात आपली एपिसिर्फसही आहे. पण त्यांचा जुलै आणि आपला जुलै यांचा काही संबंध नाही. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांजवळ जातो. युरोपात २५ अंशांना उन्हाळा म्हणतात. आपला त्या माशीसाठीचा उन्हाळा म्हणजे डिसेंबर-जानेवारीची दुपार.

पावसाळ्यापासून पाहू. जूनच्या शेवटी कपाशी, मूग, उडीद उगवतात, जुलैत मावा दिसायला लागतो. जोराच्या सरीत मावा धुऊन जातो आणि माश्याही फारशा उडत नाहीत. पोळ्याच्या आसपास पावसाने उघडीप दिली की कपाशीवर मावा एकदम वाढतो. त्या वेळी पराग कुठे असतो? बाजरीच्या कणसांत, मक्याच्या तुऱ्यात, बांधावरच्या एकदांडीत, कुर्डूत, पाटचारीकडेच्या लव्हाळ्यात. गवतांना मध नसतो, पण परागासाठी सिरफिड गवताच्या फुलोऱ्यावरही बसते; मधमाश्यांवर भर देणारे लोक हे विसरतात. कपाशीच्या पानामागे मधल्या शिरेवर मधाची छोटी ग्रंथी असते, फूल येण्याआधीच ती पाझरते. म्हणजे मध पिकातच आहे, पराग बांधावर आहे, मावा मध्ये आहे. सलग कपाशी, बांध निंदून चकाचक आणि वर तणनाशक मारलेलं, अशा वावरात माशी मध पिऊन निघून जाते.

ऑक्टोबर हीटचा पंधरवडा पोकळ जातो. बाजरी-मका निघालेला, बांधावरचं गवत वाळायला लागलेलं, रब्बी अजून जमिनीच्या वर आलेली नसते. वर्षातली पहिली परागटंचाई ही.

दिवाळीनंतर चित्र पालटतं. तापीकाठच्या काळ्या जमिनीत दादर उभी राहते, धने, मेथी, शेपू, मोहरी कुठे ना कुठे फुलावर येतात. दादरीची गंमत अशी की मावा आणि पराग एकाच ताटावर (धाटावर) मिळतात. खाली पानांवर मावा, वर कणीस फुललेलं. ज्वारीचं कणीस शेंड्याकडून खाली फुलत जातं, एका कणसाला आठवडाभर लागतो आणि परागकोश पहाटे सूर्य उगवायच्या सुमारास उघडतात. थंडीत माशी तेवढ्या लवकर उडत नाही. पारा दहा-बारा अंशांवर असेल तर नऊ वाजेपर्यंत ती पानाच्या उन्हाकडच्या बाजूला अंग शेकत बसलेली असते, मग कणसावर येऊन उरलेला पराग खाते. साडेनऊ ते बारा तिची खरी वेळ, दुपारी थोडी विश्रांती, चारनंतर पुन्हा तासभर. पण सगळी दादर एकदम पेरलेली असेल तर पंधरवड्यात पराग संपतो आणि मावा मात्र त्यानंतरही राहतो. गव्हाकडून पराग फार मिळत नाही. त्याचं बरंचसं फलन फूल उघडायच्या आतच उरकतं. हरभरा आणि तुरीची फुलं बंद असतात, आखूड सोंडेची माशी आत पोचत नाही. त्यामुळे जानेवारीत, गव्हावर मावा चढतो नेमक्या त्या वेळी, धन्याची चार ओळींची पट्टी जेवढं काम करते तेवढं एकरभर हरभरा करत नाही.

फेब्रुवारी-मार्चला डोंगळे फुलतात आणि माश्यांचा शेवटचा मोठा मेळा तिथे भरतो. एप्रिल लागला की सकाळी सात-आठलाच ऊन भाजतं, फुलं संपतात, लोक बांध जाळतात. माश्या मोकळ्या वावरातून जातात त्या ओलाव्याच्या, सावलीच्या जागी: नदीकाठ, विहिरीचा परिसर, भाजीपाल्याचा मळा, केळीची बाग. रावेर-यावलच्या केळी पट्ट्यात मे महिन्यातही हिरवंगार असतं, मग तिथे त्या भरपूर का नसतात, असं कुणीही विचारील. कारण केळीत सावली आहे, दमटपणा आहे, केळफुलात मधही आहे, पण आपण लावतो त्या केळीचा पराग जवळपास वांझ आणि अगदी थोडा. केळीच्या बागेत माशी जीव वाचवते, वंश वाढवत नाही. बागेच्या कडेला चार ओळी सूर्यफुलाच्या किंवा मक्याच्या असतील आणि पाटाला पाणी असेल, तर फरक दिसतो.

आता पेरायचं काय. बाहेरून रंगीबेरंगी फुलांच्या बियांची पाकिटं आणू नका. घरचे धने पुरेत. ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात दादरीबरोबर एक-दोन ओळी, मग पंधरा-वीस दिवसांच्या अंतराने आणखी दोनदा. धन्याला फुलावर यायला साधारण दीड ते दोन महिने लागतात, त्यामुळे डिसेंबरपासून फेब्रुवारीपर्यंत कुठली ना कुठली ओळ फुललेली राहते. त्यातली कोथिंबीर विकायचा मोह होतो, तो मला समजतो. अर्धी विका, अर्धी फुलू द्या. शेपू, बडीशेप, बियाण्याला सोडलेलं गाजर, मोहरी ही सगळी चालतात, कारण फूल उघडं असतं. झेंडूबद्दल मी थोडा कडक आहे. दसऱ्याला विकला जाणारा भरगच्च पाकळ्यांचा झेंडू हिरव्या बोंडअळीसाठी सापळा म्हणून ठीक, सिरफिडला त्यात पराग फारसा सापडत नाही. खरिपात कपाशीभोवती मक्याची एक आणि चवळीची एक ओळ लावण्याची शिफारस जुनीच आहे आणि ती चांगली आहे. चवळीवर काळा मावा येतो, तो कपाशीवरच्या माव्याहून वेगळा, आणि त्यावर अळ्यांची एक पिढी वाढून निघते. मका पराग देतो. चवळीवर मावा दिसला म्हणून लगेच फवारलं तर ती ओळ लावून काही उपयोग नाही. ऑक्टोबरच्या पोकळीसाठी बांधावरची एकदांडी राहू द्या. गाजरगवत मात्र या नावाखाली ठेवू नका. माशी त्याच्यावरही बसते, पण त्या तणाचा त्रास तिच्या फायद्यापेक्षा कितीतरी मोठा आहे.

फवारणीचं सांगतो. कपाशीवर सरासरी एका पानाला १० मावा होईपर्यंत थांबा आणि त्या मोजणीत पानामागच्या अळ्याही पाहा. चार-पाच झाडं पाहिल्यावर दर झाडावर एखादी सिरफिड अळी दिसत असेल, तर आठवडा द्या. फवारायचंच झालं तर ५ टक्के निंबोळी अर्क, उन्हं उतरल्यावर. इमिडाक्लोप्रिड, थायामेथोक्झाम ही औषधं मावा मारतात आणि मावा खाणारेही मारतात. फुलावर आलेल्या पिकात, डोंगळ्यात तर मुळीच नको. धन्याच्या पट्टीवर पंपाचा उडताफवारा जाऊ देऊ नका, नाहीतर माश्या गोळा करून मारल्यासारखं होतं.

सिरफिडकडून अपेक्षा मात्र बेताची ठेवा. ती माव्याच्या मागून येते, पुढे नाही. मावा बसल्यावर अंडी, मग अळी, त्यात आठ-दहा दिवस जातात. दादर आणि गव्हाला तेवढा उशीर चालतो. पपई आणि केळीला चालत नाही. शहाद्याकडच्या पपईवरचा रिंगस्पॉट आणि रावेरकडच्या केळीवरचा सीएमव्ही (कुकुंबर मोझॅक व्हायरस), ज्याला लोक हरण्या म्हणतात, हे विषाणू मावा उडता उडता काही क्षण सोंड खुपसून पसरवतो. त्या माव्याला अळी खाईपर्यंत रोग लागून गेलेला असतो. तिथे रोगमुक्त रोपं, बागेतली तणं आणि काकडीवर्गीय पिकं दूर ठेवणं, रोगट झाड लवकर उपटणं हेच उपाय. आणि झाडावर मुंग्यांची रांग असेल तर तीही पाहा. चिकट्यासाठी मुंग्या माव्याची राखण करतात आणि अळीला हुसकावतात.

तुम्ही शेवटी विचारलंय की अळ्या दुसऱ्या शेतातून आणून सोडाव्यात का. तशी गरज पडत नाही, माशी उडत येतेच. तरी करून पाहायचं असेल तर मार्चच्या शेवटचे कोष आणू नका. थेंबाच्या आकाराचे, पानाला चिकटलेले तपकिरी कोष त्या सुमाराला पुष्कळ मिळतात, पण हंगाम संपताना त्यांतल्या बऱ्याच कोषांतून डिप्लाझॉन नावाची बारीक गांधीलमाशी बाहेर पडते. ती सिरफिडच्या अळीत आपलं अंडं घालते. डिसेंबरमध्ये धन्याच्या शेजारच्या दादरीची, अळ्या असलेली दोन-चार पानं कापून मावा लागलेल्या ताटांना सुतळीने बांधा. सकाळी दव असतानाच बांधा, उन्हात नेलीत तर अळ्या वाटेतच वाळतात.